पाप, अपराध आणि गुन्हा: बुत्तिल्योने यांच्या एका वाक्याचे मराठी

युरोपीय राजकारणावरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या एका अनुवादक वाचकाने विचारले आहे: ‘समलैंगिकता हा गुन्हा आहे असे म्हटल्यामुळे इटलीच्या रोक्को बुत्तिल्योने यांचे युरोपीय आयोगातले पद हुकले’ हे वाक्य बरोबर आहे का? मूळ शब्दाला ‘पाप’ म्हणावे, ‘अपराध’ म्हणावे की ‘गुन्हा’? मराठीत तिन्ही चालतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

इथे तिन्ही चालत नाहीत. ‘गुन्हा’ लिहिले तर बुत्तिल्योने जे म्हणाले त्याच्या नेमके उलटे त्यांच्या तोंडी घातले जाते. त्यांचा सगळा बचाव ‘पाप’ आणि ‘गुन्हा’ या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभा होता.

माणूस कोण, ते थोडक्यात. जन्म 1948, दक्षिण इटलीतल्या गाल्लिपोलीचा. पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, श्रद्धेने कट्टर कॅथलिक, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या तत्त्वचिंतनाचे अभ्यासक. इटलीतला जुना ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष मोडल्यावर त्याच्या वारस पक्षाचे ते 1994 मध्ये सचिव झाले, पुढे तोही फुटला, आणि 2001 मध्ये बेर्लुस्कोनींच्या सरकारात ते युरोपविषयक खात्याचे मंत्री झाले. 2004 मध्ये इटलीने त्यांचे नाव युरोपीय आयोगासाठी, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळासाठी, सुचवले. खाते होते न्याय, स्वातंत्र्य आणि सुरक्षा. भेदभावविरोधाचे कामही याच खात्यात येत होते, म्हणून युरोपीय संसदेच्या समितीने त्यांना कसून प्रश्न विचारले. 5 ऑक्टोबर 2004 च्या त्या सुनावणीत ते जे म्हणाले त्याचा आशय असा: समलैंगिकता हे पाप आहे असे मी मानत असेनही, पण ती गुन्हा आहे असे मी म्हणत नाही, तोवर त्याचा राजकारणाशी संबंध नाही. नीती आणि कायदा वेगळे ठेवायला हवेत, हे सांगताना त्यांनी जर्मन तत्त्वज्ञ कांटचा दाखला दिला.

आता आपल्या शब्दांकडे वळतो.

‘पाप’ आणि ‘गुन्हा’ यांतला फरक मराठी बोलणाऱ्याला व्याख्येतून नव्हे, क्रियापदांतून कळतो. पाप लागते, पदरी पडते, फेडावे लागते, धुतले जाते, त्याचा घडा भरतो. गुन्हा घडतो, दाखल होतो, कबूल केला जातो, शाबीत होतो, माफ होतो. ‘पोलिसांनी पाप दाखल केले’ असे कोणी म्हणणार नाही आणि गुन्ह्याचा घडाही भरत नाही. पापाचा हिशेब देवाकडे किंवा आपल्या मनाकडे असतो, गुन्ह्याचा चौकीत आणि कचेरीत. ‘अपराध’ मात्र दोन्ही घरी नांदतो. देवापुढे हात जोडून ‘अपराध क्षमा करा’ म्हणतात, आणि कायद्याच्या मराठीतही ‘अपराध’ हा शब्द आहे. म्हणूनच बुत्तिल्योने यांच्या वाक्यात तो नको. वाक्य ज्या फटीवर उभे आहे, ती फट ‘अपराध’ बुजवून टाकतो.

गंमत पुढे आहे. ‘गुन्हा’ हा फारसी ‘गुनाह’ शब्द, आणि फारसीत त्याचा मुख्य अर्थ पाप! उर्दूत आजही गुनाह अल्लाहपुढचा असतो. न्यायालयातल्याला ‘जुर्म’ म्हणतात. फारसीच्या जुन्या अवस्थेत हा शब्द ‘विनाह’ असा होता आणि आपल्या ‘विनाश’शी त्याचे मुळातले नाते आहे. मराठीत तो राज्यकारभाराच्या भाषेबरोबर आला. पापासाठी आपल्याकडे पाप, पातक, दोष असे शब्द आधीच भरपूर असल्यामुळे त्याला देवघरात जागा मिळाली नाही, तो कचेरीत बसला. मराठेशाहीच्या काळात ‘गुन्हेगारी’ म्हणजे चक्क गुन्ह्याबद्दल भरायचा दंड. एकच शब्द, पण लाहोरात पाप आणि पुण्यात गुन्हा. हिंदी-उर्दू गाण्यांवर वाढलेल्या मराठी कानाला ही सीमा पुसट वाटते, आणि मला वाटते प्रश्नकर्त्यांचा गोंधळ इथूनच आला असावा.

दुसरेही एक कारण आहे. आपल्याकडेही ही दोन घरे नेहमी वेगळी नव्हती. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. प्रायश्चित्त हा पापाच्या दप्तरातला शब्द. तो उच्चारणारा माणूस मात्र न्यायाधीश. आणि समलैंगिक संबंधांबद्दल बोलायचे तर 2004 मध्ये भारतात ते खरोखरच गुन्हा होते. 1860 च्या दंड संहितेतले 377 वे कलम परस्परसंमतीने एकत्र आलेल्या प्रौढांना लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला सांगितले. इटलीच्या 1889 च्या दंडसंहितेत मात्र असा गुन्हाच नव्हता. म्हणजे बुत्तिल्योने ज्या देशातून बोलत होते तिथे पाप आणि गुन्हा या बाबतीत शतकभर आधीच वेगळे झाले होते, आणि मराठी वाचक ज्या देशात ते वाचत होता तिथे झाले नव्हते. या वाक्याचा अनुवाद सैल झाला की आपला कायदा त्यांच्या तोंडी जातो.

इटालियनमध्ये पापाला ‘पेक्कातो’ म्हणतात आणि कायद्यातल्या गुन्ह्याला ‘रेआतो’. शब्दच इतके वेगळे की घोटाळा व्हायला जागा नाही. (‘पेक्कातो!’ असे नुसते म्हटले तर अर्थ होतो ‘अरेरे!’. आपले कन्नड शेजारीही कोणाची कीव आली की ‘पाप!’ म्हणतात. इतक्या दूरच्या दोन भाषा पापाकडून कणवेकडे अशा एकाच वाटेने गेल्या, याचे मला फार अप्रूप वाटते.)

पापाइतकेच जपायचे ते त्या वाक्यातले ‘मानत असेनही’. बातमीत ते ‘मानतो’ होते आणि मग ती कबुली ठरते. ‘मानू शकतो’ केले तर ‘मला तसा अधिकार आहे’ असा अर्थ निघतो. ‘असेनही’ मधला ‘ही’ वाद घालणाऱ्याचा आहे: घटकाभर धरून चाला की मी तसे मानतो, पुढे काय? तत्त्वज्ञानाच्या वर्गात ही रीत रोजची आहे.

संसदेला मात्र ती पटली नाही. 11 ऑक्टोबरला समितीने 27 विरुद्ध 26 मतांनी त्यांना नाकारले. 27 ऑक्टोबरला, सगळ्या आयोगावर संसदेचे मतदान व्हायचे होते त्याच दिवशी, आयोगाचे नियोजित अध्यक्ष बारोझो यांनी आपला सगळा संघच मागे घेतला. बुत्तिल्योने बाजूला झाले, फ्रांको फ्रात्तिनी आले, आणि नवा आयोग 22 नोव्हेंबरला कामाला लागला.

मला त्यांचा शब्दभेद खरा वाटतो आणि संसदेचा नकारही समजतो. पाप आणि गुन्हा वेगळे ठेवल्याखेरीज वेगवेगळ्या श्रद्धांची माणसे एका राज्यात राहू शकणार नाहीत. पण ‘पाप’ हा हलका शब्द नाही. ज्याच्याकडे माझ्या हक्कांची राखण सोपवायची, तोच मला पापी मानत असेल, तर तो ते कायद्यात आणणार नाही एवढ्याने माझी धास्ती जाणार नाही. त्याच सुनावणीत ते असेही म्हणाले होते की बायकांना मुले होऊ शकावीत आणि काळजी घेणाऱ्या पुरुषाचे संरक्षण मिळावे, यासाठी कुटुंब असते. इथे पाप-गुन्ह्याचा भेद मदतीला येत नाही. हे उघडउघड समाज कसा असावा याबद्दलचे मत आहे, आणि ते समानतेच्या खात्याला लागूच होते. त्यांच्यावर टीका करायची तर ती इथे करावी. न उच्चारलेल्या ‘गुन्हा’ शब्दासाठी नको.

तेव्हा अनुवादात असे लिहावे: ‘समलैंगिकता हे पाप आहे असे आपण मानत असूही, पण तिला गुन्हा म्हणत नाही, या आशयाच्या उत्तरावरून वादळ उठले आणि रोक्को बुत्तिल्योने यांचे पद हुकले.’ ‘यांचे’, ‘यांनी’ हे आवर्जून ठेवा. आडनावाच्या शेवटचे ‘ने’ नावाचाच भाग आहे, पण ‘बुत्तिल्योने म्हटले’ असे छापले की वाचक त्याला तृतीयेचा प्रत्यय समजतो आणि माणसाचे नाव ‘बुत्तिल्यो’ होऊन बसते.