फोनमध्ये एवढा पसारा झालाय की लिहायला बसलं की लक्षच लागत नाही, आवरायला सुरुवात कुठून करू?

व्हॉट्सअ‍ॅपपासून करा, खरी घाण तिथेच असते. सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडलं की 5 एमबीपेक्षा मोठ्या आणि खूपदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या काढून दिसतात, म्हणजे गुड मॉर्निंगची फुलं, दिवाळीचे हलते दिवे, तोच व्हिडिओ चार ग्रुपवरून चार वेळा, ते डोळे मिटून उडवा. मग मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, नाहीतर आठवड्यात गॅलरी परत तशीच. फॅमिली ग्रुप सोडायची हिंमत कुणातच नसते (आत्याचा फोन येतो लगेच), तर सरळ अर्काइव्ह करा, नवीन मेसेज आले तरी ग्रुप वर येत नाही आणि कुणी तुम्हाला टॅग केलं किंवा रिप्लाय दिला तरच नोटिफिकेशन येतं.

मेलचं सोप्पंय, अनसबस्क्राइब असं सर्च करा, सगळ्या जाहिराती एका जागी सापडतात. गूगलचे फुकटचे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यात मिळून असतात, त्यामुळे कुठेही साफ केलं तरी फरक पडतो, फक्त नंतर ट्रॅशही रिकामा करा.

पण खरं सांगू का, फायली उडवून जागा होते, लक्ष नाही लागत. त्यासाठी नोटिफिकेशन बंद करा, कॉल आणि बँकेचे ओटीपी सोडून सगळी. आणि लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, उशाशी सायलेंटवर ठेवून काही उपयोग होत नाही.