दांडी दाबताना एवढा जोर का लागतो?

प्रश्न : मी पहिल्यांदाच स्वतः संगणक जोडायला घेतला आहे. मदरबोर्डवर इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, आहे. प्रोसेसर ठेवून वरची धातूची चौकट लावली आणि बाजूची दांडी दाबू लागलो, तेव्हा अपेक्षेपेक्षा बराच जोर लागू लागला आणि करकर असा आवाज आला. घाबरून मी हात काढून घेतला. माझे काही चुकले आहे का?

उत्तर : प्रोसेसर नीट बसलेला असेल, तर तुम्हाला लागलेला जोर आणि ऐकू आलेला आवाज हे दोन्ही अपेक्षितच आहेत. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटच्या तळाशी असतात. त्यांची संख्या १७०० असून प्रत्येक पिन ही वर उचललेली, अतिशय बारीक स्प्रिंग असते. प्रोसेसरच्या पोटाशी असलेल्या सोनेरी ठिपक्यांना त्या सगळ्या एकाच वेळी घट्ट टेकल्या पाहिजेत, आणि त्यासाठी त्या सगळ्या एकदम दबाव्या लागतात. एका पिनेचा विरोध नगण्य असला, तरी १७०० पिनांचा मिळून तो हाताला चांगलाच जाणवतो, आणि तो मोडून काढण्याचे काम दांडीच्या तरफेवर सोपवलेले असते. चौकट दाबली जाताना प्रोसेसरच्या धातूच्या टोपणावर घासते, त्याचाही आवाज होतो.

मात्र हा जोर फक्त दांडीवर लावायचा असतो, प्रोसेसरवर मुळीच नाही. जोडणीत होणारे बहुतेक नुकसान हा फरक लक्षात न आल्यामुळे होते, म्हणून पुन्हा दाबण्यापूर्वी दांडी पूर्ण वर घ्या, चौकट उघडा आणि प्रोसेसर कसा बसला आहे ते पाहा. त्याच्या एका कोपऱ्यावर लहान त्रिकोण असतो. सॉकेटच्या ज्या कोपऱ्यावर तशीच खूण आहे, तिथेच तो यायला हवा. शिवाय प्रोसेसरच्या कडांना खाचा असतात आणि सॉकेटच्या चौकटीला त्यांत बसणारे उंचवटे असतात. त्रिकोण जुळला आणि खाचा उंचवट्यांत उतरल्या, की प्रोसेसर स्वतःच्या वजनाने सपाट बसतो. डोळे बोर्डाच्या पातळीला आणून चारही कोपरे सारख्याच उंचीवर आहेत का ते बघा. एखादा कोपरा वर राहिला असेल, तर प्रोसेसर बोटाने दाबू नका. सरळ वर उचलून पुन्हा ठेवा. सगळे सपाट असेल, तर चौकट खाली आणा, तिचे पुढचे टोक समोरच्या स्क्रूच्या डोक्याखाली सरकते आहे याची खात्री करा आणि दांडी एका संथ दाबात खाली नेऊन तिच्या आकड्यात अडकवा. वरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण आधी काढायची गरज नसते, दांडी बसता बसता ते आपोआप सुटून वर येते. ते टाकून देऊ नका, कारण मदरबोर्ड कधी दुरुस्तीला पाठवायचा झाला, तर त्या पिनांचे रक्षण तेच करते.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण अनुभवाचे आहे. एकदा माझ्या दोन बोटांतून प्रोसेसर निसटला आणि त्याचा कोपरा सॉकेटवर आपटला. वरवर पाहता काहीच झालेले नव्हते. संगणक सुरूही झाला, पण दोन रॅमपैकी एकच दिसत होती. प्रोसेसर काढून टॉर्चचा प्रकाश तिरका पाडल्यावर कारण कळले : पिनांच्या रांगा एकसारख्या चमकत होत्या आणि एका कोपऱ्यात तीन ठिपके मात्र वेगळ्याच दिशेला चकाकत होते. तेव्हापासून प्रोसेसर ठेवण्यापूर्वी मी सॉकेटवर तिरका प्रकाश टाकून पाहतोच, आणि प्रोसेसर नेहमी कडांना धरतो. बोट पिनांना लागू देऊ नका, आणि काम सुरू करण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

आणखी एक खुलासा करतो. सॉकेट जुळला म्हणजे प्रोसेसर चालेलच असे नसते. एलजीए १७०० वर इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर बसतात, परंतु १२व्या पिढीच्या काळात बनलेल्या मदरबोर्डवर पुढच्या पिढीचा प्रोसेसर लावायचा असेल, तर आधी बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मदरबोर्डमधली प्रणाली, अद्ययावत करावे लागते. मदरबोर्डच्या निर्मात्याने दिलेली प्रोसेसरांची यादी पाहिलीत, तर संगणक सुरूच होत नाही म्हणून व्यवस्थित बसलेला प्रोसेसर पुन्हा पुन्हा काढण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न : एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांसाठीच्या एएम४ सॉकेटच्या जुन्या मदरबोर्डवरून कूलर काढताना प्रोसेसर त्यालाच चिकटून सॉकेटमधून उपटून आला. दांडी बंदच होती. काही पिना वाकल्या आहेत. आता काय करावे?

उत्तर : एएमडीच्या एएम४ मध्ये रचना उलट असते. १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात, सॉकेट त्यांना फक्त बाजूने आवळून धरतो आणि प्रोसेसरवर धातूची चौकट नसते. त्यामुळे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावलेली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून घट्ट झाली, की सॉकेटच्या पकडीपेक्षा तिचीच पकड वरचढ ठरते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये चौकट असल्याने ही अडचण उरलेली नाही. यापुढे कूलर काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग वीज बंद करा आणि कूलर आधी डावी-उजवीकडे हलके फिरवून सोडवा, मगच उचला.

सध्या प्रोसेसर कूलरवरून फिरवत आणि सरकवत सोडवा, मधे पाते घालू नका. वाकलेल्या पिना सरळ करण्यासाठी रांगांमधून पातळ, ताठ प्लॅस्टिकचे कार्ड हळूहळू पुढे न्या, आणि भिंगातून रांग दोन्ही बाजूंनी सरळ दिसेपर्यंत थोडी थोडी दुरुस्ती करा. एकाच पिनेला वारंवार मागे-पुढे वाकवले, तर ती तुटते. प्रोसेसर परत ठेवताना दांडी पूर्ण वर असू द्या. तो अलगद खाली उतरला, तरच दांडी लावा. एका बाजूला तरंगला, तर सरळ वर उचलून त्याच बाजूची रांग पुन्हा तपासा.