गणिताआधी तार तपासा

या अंकात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले सिग्नल प्रोसेसिंगचे (मोजलेल्या आवाज-करंट-धक्क्यांतून हवी ती माहिती काढण्याचे) पाच प्रश्न घेतले आहेत. उत्तरं विद्यापीठातल्या इलेक्ट्रिकल आणि सिग्नल प्रोसेसिंग संशोधन गटाच्या सदस्यांची आहेत. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : शेतीपंपाच्या ५ एचपी मोटरच्या करंटवरून तुटलेला रोटर बार (मोटरच्या फिरत्या भागातली धातूची कांब) ओळखायचा, असा आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. १०० अँपिअरचा क्लॅम्प सीटी (वायरभोवती बसून करंट मोजणारा चिमटा), त्याच्या करंटचं व्होल्टेज करणारा ३३ ओहमचा बर्डन रेझिस्टर आणि आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड वापरलाय. रीडिंग घेतलं, प्रिंट केलं, १ मिलिसेकंद डिले दिला. म्हणून सॅम्पलिंग (रीडिंग घेण्याचा वेग) सेकंदाला १००० धरलं. पण एफएफटीत (कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) विजेच्या ५० हर्ट्झला काहीच दिसत नाही. मोठं टोक २६० ला येतं, छोटी ३०२ आणि १७७ ला. मोटर बदलली तरी तेच. कुठे चुकतंय?
— विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मोटर बदलूनही टोकं जागची हलत नाहीत, म्हणजे मोटर निर्दोष सुटली. सिरीयलचा, म्हणजे उनोहून कॉम्प्युटरकडे आकडे पाठवण्याचा, वेग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) आहे ना? मग हिशेब असा. एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. तुमचं रीडिंग ५१२ च्या आसपास, तीन आकडी. त्यापुढे ओळ संपल्याच्या दोन खुणा. एकूण ५ अक्षरं. ९६० भागिले ५ म्हणजे १९२. उनोचा ६४ बाइटचा बफर (पाठवायची अक्षरं साठवायची जागा) क्षणात भरतो आणि त्यानंतर प्रिंटची आज्ञा जागा रिकामी होईपर्यंत प्रोग्राम अडवून धरते. तुम्ही १००० समजताय, प्रत्यक्षात १९२ सॅम्पल येतात. ५० ला १००० नं गुणून १९२ नं भागा : २६०. हेच तुमचं मोठं टोक.

उरलेली दोन टोकं जास्त फसवी आहेत. १९२ च्या सॅम्पलिंगला ९६ हर्ट्झच्या वरचं काही खरं दिसत नाही, ते दुमडून खाली येतं. करंटमधला पाचवा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची पाचपट) २५० हर्ट्झचा. २५० वजा १९२, तो ५८ ला उतरतो आणि तुमच्या पट्टीवर ३०२ दिसतो. सातवा ३५० चा. ३८४ वजा ३५०, तो ३४ ला उतरतो आणि १७७ दिसतो. नुसती पट्टी दुरुस्त करून भागलं असतं तर ५० च्या शेजारी ५८ ला उभं असलेलं टोक तुम्ही तुटलेल्या बारचं म्हणून सरांना दाखवलं असतं.

बॉड ११५२०० करा. मग हीच ५ अक्षरं सेकंदाला २३०४ वेळा जाऊ शकतात. सॅम्पल टायमर इंटरप्टवर (चिपमधल्या घड्याळाच्या ठोक्यावर) घ्या, डिलेवर नको. आणि १००० सॅम्पलना किती मायक्रोसेकंद लागले ते छापून बघा. ही एक ओळ प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी लिहायला हवी. लिहीत कोणी नाही.

आता खरी अडचण. तुटलेल्या बारची टोकं ५० च्या दोन्ही बाजूंना, स्लिपच्या (फिरत्या चुंबकी क्षेत्रापेक्षा रोटर जेवढा मागे पडतो त्याच्या) दुप्पट अंतरावर येतात. नेमप्लेटवर १४४० आरपीएम असेल तर १५०० च्या मानानं स्लिप ४ टक्के, म्हणजे टोकं ४६ आणि ५४ हर्ट्झला. धडधाकट मोटरमध्ये ती मूळ टोकापेक्षा ५० डेसिबल किंवा त्याहून खाली असतात, म्हणजे तीनशेवा हिस्सा किंवा कमी. ५ एचपीची मोटर पूर्ण भारावर साधारण ७.५ अँपिअर घेते. १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देणाऱ्या सीटीतून ३३ ओहमवर तुम्हाला जेमतेम ०.१२४ व्होल्ट आरएमएस मिळतं (लाटेचं शिखर याच्या १.४ पट). उनोच्या १० बिटांत, ५ व्होल्टच्या मापानं, ही लाट मधल्या रेषेच्या वर ३६ पायऱ्या आणि खाली ३६ पायऱ्या. तिचा तीनशेवा हिस्सा पायरीच्या नवव्या भागाएवढा होतो. तो शोधायला ही पट्टीच जाड आहे.

सीटीतून वायरचे पाच वेढे घेऊन सिग्नल पाचपट करायची युक्ती बऱ्याच ठिकाणी सुचवलेली असते. चालू मोटरवर ती चालते. पण मोटर सुरू होताना करंट सहापट जातो आणि तेव्हा एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) पिनवर ५ व्होल्टच्या वरचं टोक येऊन चिप जाऊ शकते. त्यापेक्षा वेढा एकच ठेवा आणि एडीएस १११५ हे १६ बिटांचं मॉड्यूल घ्या. बर्डनचं एक टोक २.५ व्होल्टच्या बायसला (मधल्या स्थिर व्होल्टेजला) बांधून मॉड्यूलच्या दोन पिनांमधला फरक मोजा, गेन ०.२५६ व्होल्टच्या रेंजवर, वेग ८६० सॅम्पलवर. आता तीच लाट दोन्हीकडे २२ हजार पायऱ्यांची होते आणि तीनशेवा हिस्सा सत्तरेक पायऱ्यांचा. पुढे १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्टर लावा. तो १५९ हर्ट्झपासून वरचं दाबायला लागतो. या मॉड्यूलचं स्वतःचं घड्याळ १० टक्क्यांपर्यंत चुकू शकतं, म्हणून ८६० वर विश्वास ठेवू नका. सर्वात उंच टोक ५० ला आणून बसवा आणि त्यावरून खरा वेग काढा.

रेकॉर्डिंग २० ते ३० सेकंदांचं घ्या, हॅन विंडो लावा (ती रेकॉर्डिंगच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणते). मोटर निम्म्याहून जास्त भारावर हवी. रिकामी मोटर १४९० नं फिरते, तेव्हा टोकं ५० पासून पाऊण हर्ट्झच्या आत येऊन मूळ टोकाच्या पायथ्यात बुडतात. सुरुवातीची काही सेकंदं टाकून द्या. विहिरीचं पाणी खाली जाऊन पंप हवा ओढत असेल तर करंट झुलतो आणि बार धड असूनही बाजूला टोकं उगवतात. म्हणून प्रेशर गेजचा काटा स्थिर असतानाचंच रेकॉर्ड धरा. टोकं मूळ टोकाच्या फक्त ४५ डेसिबल खाली आली तर संशय घ्या, ४० च्या आत आली तर रोटर काढून बघायला हरकत नाही. क्लॅम्पमधून एकाच फेजची वायर जाऊ द्या. तिन्ही वायरींची केबल एकदम आत घातली की बेरीज शून्य होते, आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गटाचे दोन दिवस यातच जातात.

प्रश्न : आमचं तंतुवाद्यांचं काम आहे. जवारी (तंबोऱ्याच्या तारेची झणकार) लागली की नाही ते कानाला कळतं. पण गिऱ्हाईक लांबचं असलं की फोनवर रेकॉर्डिंग पाठवतो आणि त्यात नेमकी जवारीच जाते. कॉम्प्युटरवर जवारी दिसते का?
— तंबोरा कारागीर, मिरज

उत्तर : दिसते, आणि चांगली दिसते. आधी ती जाते कुठे ते बघू. फोनमधली गोंगाट कमी करणारी यंत्रणा सतत चालू असलेल्या एकसारख्या आवाजाला गोंगाट समजते. पंखा तिच्या लेखी गोंगाट, आणि तंबोराही. त्यावर व्हॉइस मेसेजचं आकुंचन, ते वरचे सूर आणखी कापतं. म्हणून रेकॉर्डिंगचं असं ॲप घ्या ज्यात ‘नॉइज सप्रेशन’ आणि ‘ऑटो गेन’ बंद करता येतं. ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. माइक तबलीसमोर (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीसमोर) ३० ते ४० सेंटिमीटरवर, पंखा बंद. पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा.

मग ऑडॅसिटी या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम (वेळेबरोबर कुठले सूर किती ते दाखवणारं चित्र) लावा. विंडो ४०९६, हॅन, वरची मर्यादा ८००० हर्ट्झ. बाकीच्या तारांवर कापड ठेवून जोडाची (षड्जाला लावलेल्या दोन तारांतली) एकच तार छेडा. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, म्हणून १३८.६ च्या अंतरानं आडव्या रेघा दिसतील. तार आणि घोडी (तार टेकते ती रुंद पट्टी) यांच्यामधला दोरा काढून एकदा, दोरा लावून एकदा. दोऱ्याविना वरच्या रेघा लगेच विझतात आणि खालच्या तीन-चार उरतात. दोरा बरोबर जागी बसला की वरच्या रेघा बराच वेळ जिवंत राहतात, आणि त्यांच्यातला एक ठळक पट्टा वेळेबरोबर सरकत जातो. कानाला सूर खुलत गेल्यासारखा वाटतो तो हाच पट्टा. गिऱ्हाइकाला आवाजाबरोबर हे चित्र पाठवा.

आणखी एक चाचणी आहे आणि तिच्यामागे सी. व्ही. रमण यांचं १९२१ सालचं निरीक्षण आहे. साधी तार बरोबर मध्यावर छेडली तर मध्यावर स्थिर राहणारे सम हार्मोनिक निघायला नकोत. तंबोरा आणि वीणेत ते निघतात, कारण तार घोडीच्या रुंद पाठीला घासत-टेकत कंप पावते. रमण यांनी हा नियमभंग नोंदवला. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी टेपनं मोजा, मध्यावर खूण करा, बोटाच्या पेरानं हलकेच छेडा. दोऱ्याविना २७७ आणि ५५४ हर्ट्झच्या रेघा फिकट असतील. दोरा सरकवत न्या; त्या उजळल्या की जवारी बोलायला लागली. फक्त दुसरा आणि चौथा हार्मोनिकच बघा. मीटरभर तारेवर बोट १ सेंटिमीटर चुकलं तर दुसऱ्यात फारसा फरक पडत नाही, पण दहावा त्या चुकीनंच उजळतो आणि श्रेय दोऱ्याला जातं.

ही चाचणी दोऱ्याची जागा सांगते. घोडी कानसून केलेला उतार गोड आहे की नाही, ते कानच सांगणार.

प्रश्न : मुलीचं ई अँड टीसीचं (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार इंजिनिअरिंगचं) शेवटचं वर्ष आहे. ती संशोधन गटात जायचं म्हणते. तिथे नक्की कोण काय करतं, आणि पैशाचं कसं असतं?
— पालक, सातारा

उत्तर : गटाच्या मध्यभागी मार्गदर्शक प्राध्यापक, प्रकल्पाचा निधी त्यांच्या नावावर येतो. भोवती पीएचडीचे विद्यार्थी, एम.टेक.चे विद्यार्थी आणि निधी असेपर्यंत नेमलेले प्रोजेक्ट असोसिएट. मोठ्या गटात पीएचडी संपलेला एखादा पोस्टडॉक असतो, आणि रोजच्या शंका तोच सोडवतो. लॅब टेक्निशियनला कोणी गटाच्या फोटोत घेत नाही, पण कुठला ऑसिलोस्कोप खोटं बोलतो ते त्यालाच ठाऊक असतं.

गेट ही प्रवेश परीक्षा पास होऊन एम.टेक. केलं तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन आहे. पीएचडीला जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, नंतर ४२,०००, आणि घरभाडं वेगळं. २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असले तर एम.टेक. न करताही पीएचडीला अर्ज करता येतो. मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६. त्याच नियमांत एका वेळी प्रोफेसरकडे ८, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ एवढेच पीएचडी विद्यार्थी असू शकतात. तेव्हा मेल करताना पहिली चौकशी जागेची करावी. “मला सिग्नल प्रोसेसिंगची आवड आहे” या मेलला उत्तर येत नाही. त्या गटाच्या एका पेपरमधली एक आकृती स्वतः कोड लिहून पुन्हा काढली आणि जोडली, तर बहुधा येतं.

प्रश्न : ४.५ हर्ट्झचा जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारा सेन्सर) लावून कोयनेचे छोटे धक्के टिपतो. उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली गेली तरी अलार्म वाजतो. फिल्टर कुठला लावू?
— वाचक, पाटण

उत्तर : ट्रॅक्टरची आणि जवळच्या धक्क्याची फ्रिक्वेन्सी एकमेकांवर चढलेली असते, त्यामुळे फिल्टरनं दोघं वेगळी होणार नाहीत. दुसरा जिओफोन घ्या आणि पहिल्यापासून रस्त्याच्या कडेकडेनं २०० मीटरवर ठेवा. भूकंपाची लाट खडकातून सेकंदाला ५ किलोमीटरच्या पुढे जाते; २०० मीटर तिला ०.०४ सेकंदही लागत नाही. ताशी २० किलोमीटरनं चाललेल्या ट्रॉलीला तेवढ्याच अंतराला ३६ सेकंद लागतात. दोन्ही जिओफोन एका सेकंदाच्या आत जागे झाले तरच अलार्म.

जागं होण्याची अट अशी ठेवा : शेवटच्या १ सेकंदाची सरासरी आधीच्या ३० सेकंदांच्या सरासरीच्या चौपट. सेकंदाला १०० सॅम्पल पुरतात. जिओफोनचा पाया मातीत नको, उघड्या खडकावर प्लास्टरमध्ये बसवा आणि लेव्हल बघा. उभा जिओफोन फार कलला की आतली कॉइल अडकते. ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतरही या पट्ट्यात छोटे धक्के चालूच आहेत, तेव्हा सरावाला कमी पडणार नाही. पहिला झटका आणि दुसरा मोठा झटका यांतली सेकंदं मोजून ८ नं गुणा, तेवढे किलोमीटर अंतर. अडीच सेकंद आली तर वीस किलोमीटर. ट्रॉलीच्या आलेखात असे दोन झटके नसतात. ती हळूहळू चढते, हळूहळू उतरते.

प्रश्न : ईसीजी (हृदयाचे विद्युत ठोके टिपणाऱ्या) मॉड्यूलवर ५० हर्ट्झचा नॉच (विजेची तेवढी एकच फ्रिक्वेन्सी काढणारा फिल्टर) लावला तरी रेघ थरथरते. सॅम्पलिंग २५० आहे.
— विद्यार्थी, कराड

उत्तर : नॉच ५० चंच काढतो. १५० चा हार्मोनिक तुमच्या सॅम्पलिंगला दुमडून १०० ला बसतो, आणि २५० चा थेट शून्यावर येऊन रेघ वरखाली सरकवतो. सॅम्पलिंग ५०० करा. त्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढा, रेघ बहुतेक तिथेच शांत होईल. अंगाला इलेक्ट्रोड असताना चार्जर तसाही जोडलेला नसावा, त्यात जिवाला धोका आहे. तिन्ही वायरी एकमेकींना पिळून घ्या. तरीही थरथरत असेल तर इलेक्ट्रोड बदला. पाकीट उघडून आठवडा झाला असेल तर जेल वाळलेलं असणार.