कोकणात कातडी कमावणाऱ्या पणजोबांच्या कामाचा माग कसा काढावा?

आपले पणजोबा दापोली तालुक्यातील एका गावी कातडी कमावत असत आणि १९३० च्या सुमारास ते मुंबईला गेले, एवढेच आपल्या घरात ठाऊक आहे. त्यांच्या कामाचा पुरावा कुठे मिळेल, असे आपण विचारले आहे. माझ्या घराण्यातही हेच काम होते, म्हणून स्वतः शोध घेताना जे उपयोगी पडले ते लिहितो.

सरकारी कागद माणसाची जात लिहितात, त्याचे काम क्वचितच लिहितात. 'राघू बिन धोंडू चांभार' अशी नोंद सापडली, तर बापलेकांची नावे पक्की होतात. परंतु राघू कातडी कमावत होता, वहाणा शिवत होता की पलटणीत होता, हे तिच्यातून कळत नाही. दापोलीला इंग्रजांची लष्करी छावणी होती, तेव्हा ही शंका अगदीच पोकळ नाही. शिवाय अशा नोंदींत पुष्कळदा आडनाव नसते, त्यामुळे गाव आणि वडिलांचे नाव हाताशी ठेवूनच शोध सुरू करावा.

सुरुवात तहसील कचेरीतील रेकॉर्ड रूमपासून करावी. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. जात पडताळणीच्या अर्जांमुळे तेथील कर्मचाऱ्यांना ही पुस्तके काढून देण्याची सवय असते. जुनी पाने मोडीत असतील, तर मोडी वाचणारा गाठावा लागेल. जनगणनेच्या मागे मात्र लागू नये. तिचे तक्ते छापले गेले, पण त्यांत कोणा एकाचे नाव मिळत नाही. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरचेही तसेच आहे. ते पार्श्वभूमीसाठी वाचावे, नावासाठी नव्हे.

कामाचा खरा पुरावा गावातच असतो. कातडे चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजवून त्याचे केस सैल करायचे, रापीने केस आणि आतले मांस खरवडून काढायचे, ते पुन्हा पुन्हा धुवायचे आणि मग हिरडा किंवा झाडाची साल यांच्या काढ्यात मुरवायचे, अशी ही रीत होती. खाडीकाठी शिंपले भाजून चुना होत असे, हिरडा घाटातून येई, आणि ऐनाची साल तर कोळीही जाळ्यांना रंग देण्यासाठी उकळत. वाडीतील वयस्क माणसांना 'पणजोबा काय करायचे?' असे विचारण्यापेक्षा 'चुना कुठून आणायचे? साल कोण कुटायचे? कुंडे कुठे होती?' असे विचारावे. उत्तरे लगेच बदलतात. ओढ्याच्या खालच्या अंगाला, वस्तीपासून दूर, बुजलेली दगडी कुंडे किंवा चुन्याचे पांढरे पोपडे दिसले, तर त्यांचे छायाचित्र घेऊन ठेवावे. कोणाच्या घरी रापी किंवा आरी उरली असेल, तर तिचेही घ्यावे.

माल कोणाला जात होता, हेही पाहावे. देशावर मोटांसाठी, म्हणजे विहिरीतून पाणी ओढण्याच्या चामडी पिशव्यांसाठी, चामड्याला मोठी मागणी असे, पण किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्या रहाटाने शिंपल्या जात; त्यामुळे येथे वहाणा, बैलांचा सरंजाम आणि ढोल-मृदंगाची पुडी यांवरच बरेचसे भागत असावे, असा माझा तर्क आहे.

गाव सोडण्याच्या काळाकडे मी विशेष लक्ष देईन. मेलेली गुरे ओढणे हे महारांवर लादलेले गावकाम होते. १९२७ च्या महाड परिषदेनंतर ते सोडून देण्याच्या चळवळीने जोर धरला, त्यामुळे कच्ची कातडी मिळण्याची जुनी व्यवस्था ठिकठिकाणी मोडली. आपल्या पणजोबांच्या जाण्यामागे हे एक कारण असू शकेल, पण साल जुळते एवढ्यावरून तसे मानू नये.

मुंबईत ते याच धंद्यात राहिले असतील, तर धारावीचे नाव प्रथम पुढे येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे टॅनरी होत्या. एखाद्या जुन्या टॅनरीचा हजेरीपट शोधत बसण्याऐवजी आपल्या गावाचे मुंबईतील ग्रामस्थ मंडळ गाठावे. चाकरमान्यांची गावकीची खोली कुठे होती, हे तेथील जुन्या मंडळींना बहुधा सांगता येते, आणि वर्गणीच्या वह्या टिकल्या असतील, तर त्यांत नावासमोर मुक्कामाचे ठिकाण किंवा कामाची जागा लिहिलेली सापडू शकते.