करंगळी आणि कॅसेट

प्रिय मुली,

तुझा मेल तीनदा वाचला. ‘फ्रेंच लोकसंगीत’ असा विषय घेऊन ब्रिटनीतल्या रेन शहरात गेलीस आणि आता म्हणतेस, फ्रेंच असं काही हातीच लागत नाही. लागायचंच नाही. ओव्हेर्न्य प्रांताचा बूरे हा नाच तीन मात्रांचा, वर बेरी प्रांतात तोच दोन मात्रांचा. कोर्सिका बेटावर तिघं जण पाद्येल्ला हे गाणं म्हणतात, एकाने उचलायची, दुसऱ्याने खालून आधार द्यायचा, तिसऱ्याने वरून नक्षी काढायची. यातलं कुठलं फ्रेंच, हा प्रश्न पॅरिसच्या कचेऱ्यांना पडू दे.

ब्रिटनी, फ्रान्सचा तो वायव्य कोपरा, धरलास ते बरं केलंस. पण अडलीस कुठे, तर ‘अस्सल कोणतं’ यावर! फेस्त-नोझचं, म्हणजे रात्रीच्या नाच-मेळ्याचं, आजचं रूप 1950 च्या दशकात लोएझ रोपार्स या गायकाने उभं केलेलं, बागाद ही वाद्यपथकं त्याच्याही थोडी आधीची आणि स्कॉटिश पाइप-बँडवरून बेतलेली. मग जुनं काय उरलं, असं विचारतेस.

आधी नाच. मग विचार.

चिडून नाही सांगत. (थोडी चिडलेय.) मध्य ब्रिटनीत नव्या घराची किंवा खळ्याची मातीची जमीन चोपायची, तर शेजारपाजार बोलवायचे आणि रात्रभर नाचवायचं. दोनशे पाय पडले की माती बसली. त्या पायांना खंड नको म्हणून गाणं असं बेतलेलं: कान हा दिस्कान. पहिला गायक ओळ म्हणतो, ती संपायच्या आत शेवटच्या दोन-तीन अक्षरांवर दुसरा येऊन मिळतो, तीच ओळ पुन्हा म्हणतो, आणि त्याच्या शेपटावर पहिला परत चढतो. आपल्या पोवाड्यातला झीलकरी आठव, पण इथे दोघांची वीण इतकी घट्ट की मधे सुईदेखील शिरत नाही. एक श्वास घेतो तेव्हा दुसरा गातोय. कौलं चढवतात तसं, एकाच्या कडेवर दुसरं.

हे मला कधी कळलं माहितेय? माझा ब्रिटनीच्या गाण्यांवरचा प्रबंध टाइप करून दिल्यावर. मी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटवर ती शेवटची अक्षरं दोन आवाजांत ऐकू यायची. मला वाटलं, दुसरा म्हातारा घाई करतोय. मी ती ‘चूक’ नोटेशनमधून काढून टाकली! प्रत्येक ओळीपुढे श्वासाची सुबक खूणही केली. तोंडी परीक्षेत ब्रिटनीच्याच एका बाईंनी पान उलटून एवढंच विचारलं, “इथे नाचणाऱ्यांनी काय करायचं? थांबायचं?” मला घाम फुटला. पाच मिनिटं जरी रांगेत शिरले असते, तरी पायांनी सांगितलं असतं. म्हणून म्हणते, आधी नाच.

तू ला व्हिलमार्के या गाणी जमवणाऱ्याचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलंस. कबूल. 1839 मध्ये त्याने ‘बार्झाझ ब्रेझ’ हा ब्रिटनीच्या लोकगीतांचा संग्रह छापला, पुढे लोक म्हणाले की गाणी यानेच रचली, आणि बिचाऱ्याची अब्रू शंभर वर्षं टांगणीला लागली. 1964 मध्ये दोनातियॅं लोराँ या संशोधकाला ला व्हिलमार्केच्या वह्या सापडल्या तेव्हा उघड झालं की त्याने खरोखर गावोगाव ऐकलं होतं, भलेही नंतर रंधा मारला असेल. म्हणजे लिहिणाऱ्यांशिवाय काही उरत नाही, हे मलाही कळतं गं. 1972 पासून दास्तुम ही संस्था ध्वनिमुद्रणं जपतेय म्हणून तर तुला आज मेलेल्या आवाजांकडून शिकता येतं. आणि आपल्याकडे गी पॉइटवाँ फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिले, हेमा राईरकरांबरोबर मावळापासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. तेही कागदावरच ना? माझ्या चाळीस वह्यांनाही कोणी रद्दी म्हणू नये. त्या काळी व्हिसा, पैसे, बॅटऱ्या, सगळंच मोजून मिळायचं. मी रेकॉर्ड केलं नसतं तर कोणी करणार होतं?

बघ, पुन्हा माझंच वकीलपत्र घेतलं.

तर ऐक. पहिले दोन महिने फोन खिशात. शनिवारी जिथे फेस्त-नोझ असेल तिथे जा, क्रेप खा, आणि गावोत, तो रांगेचा नाच, लागली की रांगेच्या शेपटाला लाग, मधे घुसू नकोस. पावलं चुकतील. कोणी ओरडत नाही. शेजारची बाई दंडाला धरून तुला ओढत नेईल, तेच शिक्षण. पायांना कळलं की गाणाऱ्यांजवळ जा आणि फक्त शेवटची अक्षरं म्हण. पूर्ण ओळ नाही, शेपूटच. अस्सल-नक्कलचा लेख त्यानंतर लिही, मी वाचेन.

1986 च्या उन्हाळ्यात कारे या शहराजवळच्या एका गावात मी भिंतीला टेकून उभी होते, माइक धरून. गावोत आटोपली, अन द्रो हा दुसरा नाच सुरू झाला. त्यात हात धरत नाहीत, करंगळीत करंगळी अडकवतात. निळ्या एप्रनातली एक आजी रांगेतून माझ्यापाशी आली आणि करंगळी पुढे केली. मी माइककडे बोट दाखवलं.

सातव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला ते आहे. बॉम्बार्डच्या, त्यांच्या सनईसारख्या वाद्याच्या, मागे पायांचा ठेका, आणि मधेच अगदी जवळून, स्वच्छ फ्रेंचमध्ये माझा आवाज: “नों, मेर्सी.”