संकष्टीचा उपास, सकाळची बस आणि ठणकणारं डोकं

‘अक्का, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज बसनं शाळेला जाते. यंदा दहावी. आठवड्यातून दोन-तीनदा तरी डोकं उठतं. आधी डोळ्यांपुढं नागमोडी काहीतरी चमकतं, मग दोन्ही कानशिलं ठणकतात, उजेड नको, आवाज नको. उलटी झाली की जरा बरं वाटतं. दुकानातली गोळी आठवड्यातून चारदा होते. संकष्टीला तर दुखणं ठरलेलंच. पप्पा म्हणतात मोबाईल कमी कर, आजी दृष्ट काढते, शाळेत बाई म्हणतात टेस्ट आली की हिचं डोकं दुखतं. अर्धशिशी म्हणावी तर माझं सगळंच डोकं दुखतं. मी खरंच नाटक करते का, असं आता मलाच वाटायला लागलंय.’

पोरी, तुझं शेवटचं वाक्य वाचून जीव कळवळला, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. तू नाटक करत नाहीस. तू लिहिलेली सगळी लक्षणं मायग्रेनची, म्हणजे अर्धशिशीचीच वाटतात. मोठ्या माणसांत हे दुखणं बहुतेक एका बाजूला असतं, तुझ्या वयात पुष्कळदा दोन्हीकडं किंवा कपाळभर. ती नागमोडी चमकही त्यातलीच, तासाभरात जाते. हा आजार घराण्यातून येतो. आजीला एकदा विचारून बघ, तिच्या उमेदीत डोक्याला फडकं करकचून बांधून अंधारात पडायची वेळ यायची का. अशा बायका मी आपल्या भागात पुष्कळ पाहिल्यात. दुसऱ्या दिवशी त्या उठून भाकऱ्या बडवायच्या, म्हणून कालचं दुखणं कुणाला खरं वाटायचं नाही. तुझंही तेच होतंय.

आता ती गोळी. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. दुकानातल्या अशा बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, शिवाय कॅफीन. अशी गोळी महिन्यातले 10 दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, की गोळीमुळंच डोकं दुखायला लागतं. आठवड्याला चार म्हणजे तू महिन्याला सोळावर गेलीस. ती थांबवताना पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं, म्हणून डॉक्टरांना सांगूनच थांबव. ते वजनाप्रमाणं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देतील. ती दुखणं सुरू होता होता घ्यायची, सहन होईना झाल्यावर नाही, आणि आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. अॅस्पिरिन तुझ्या वयाला नकोच.

डॉक्टरांकडं रिकाम्या हातानं जाऊ नकोस. घरात कालनिर्णय टांगलेलं असेलच, त्यात आई दुधाचे खाडे लिहिते ना? त्याच चौकोनात पेन्सिलीनं लिही: डोकं किती वाजता उठलं, किती तास राहिलं, त्याआधी काय खाल्लं, रात्री कितीला झोपलीस, गोळी घेतली का. पाळीच्या तारखाही लिही, लाजू नकोस, त्या दिवसांत डोकं उठणाऱ्या मुली खूप असतात. महिन्याभरात तुझं तुलाच दिसेल.

मला तर पत्रावरूनच थोडं दिसतंय. तू पुढं लिहिलंयस की पहाटे उठून नुसता चहा नि एक बटर खाऊन बस पकडतेस, डबा दीड वाजता उघडतेस, रात्री बारापर्यंत अभ्यास करतेस आणि रविवारी दहापर्यंत झोपतेस. उपाशी पोट, अपुरी झोप आणि मग एकदम जास्त झोप, तिन्हीनं डोकं उठतं. बसमध्ये बसायला मिळो न मिळो, निघण्याआधी भाकरी-भाजी नाहीतर उप्पीट पोटात जाऊ दे. मधल्या सुट्टीत शेंगदाणे, केळं काहीतरी खा. पाण्याची बाटली शाळा सुटेपर्यंत संपली पाहिजे. झोप तुझ्या वयाला किमान आठ तास, आणि रविवारी उठायची वेळ फार तर तासाभरानं पुढं. मोबाईल झोपेच्या आधी बाजूला ठेव. पप्पांचं तेवढं बरोबर आहे, पण सगळं खापर त्यावर फोडू नये.

संकष्टीबद्दल मी तुझ्या आईंशीच बोलते. वहिनी, चंद्रोदय रात्री उशिरा, तोवर ही पोर चहावर. त्या दिवशी तिचं डोकं उठतं यात नवल काही नाही. माझं स्पष्ट मत, या मुलीनं उपास धरू नये, निदान दहावी होईपर्यंत तरी. मन होत नसेल तर वेळच्या वेळी रताळं, दूध, केळी द्या, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. बाप्पा मोदक खाणारा देव आहे, लेकराला उपाशी ठेवून तो खूष होत नसतो.

आधी खानापूरच्या तालुका दवाखान्यात दाखवा, त्यांनी सांगितलं तर बेळगावला जिल्हा रुग्णालयात. कन्नड नीट येत नाही म्हणून आई टाळते, असं तू लिहिलंस. कॅलेंडरची पानं बरोबर ने, तारखा आणि तास सगळ्यांनाच वाचता येतात. दुखणं उठूच नये म्हणून घ्यायची रोजची गोळी सुरू करायची का, हे डॉक्टर ठरवतील. 2017 साली अमेरिकेत 8 ते 17 वयाच्या मुलांवर केलेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रोज घ्यायची दोन नेहमीची औषधं आणि औषध नसलेली गोळी, असे तीन गट होते, आणि तिन्ही गटांत निम्म्याहून जास्त मुलांचं दुखणं बरंच कमी झालं. तेव्हा जन्मभर असंच राहणार म्हणून रडत बसू नकोस.

मात्र डोकं एकदम, कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, तापाबरोबर मान आखडली, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, डोक्याला मार लागल्यावर दुखू लागलं किंवा रोज पहाटे दुखण्यानंच जाग येऊन उलटी व्हायला लागली, तर कॅलेंडर भरायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की ती बाईंना दे. खिडकीच्या उन्हापासून लांबचा बाक, वर्गात पाणी प्यायची मुभा आणि चमक दिसली की गोळी घेऊन अर्धा तास अंधारात पडायला जागा, एवढंच माग. परीक्षेचं म्हणशील तर कर्नाटकात 2024 पासून एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा होतात आणि त्यांतले चांगले गुण धरले जातात. एखाद्या पेपरला डोकं उठलंच तर तो विषय दुसऱ्या परीक्षेत देता येतो. त्याचा फॉर्म कधी भरायचा, ते बाईंना आत्ताच विचारून ठेव.

— अक्का