मुंबईत घरच्या घरी बांबूच्या भुशाच्या, मातीत विरघळणाऱ्या रोपकुंड्या बनवता येतील का?

येतील, पण भुसा कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवतात तसा न बुडवलेल्या बांबूचाच घ्या. त्यातलं बोरॉन जास्त झालं की जुन्या पानांच्या कडा करपतात. चाळलेल्या १ किलो कोरड्या भुशाला २०० ग्रॅम मैदा सव्वा लिटर पाण्यात शिजवून केलेली खळ पुरते. मूठ दाबल्यावर गोळा टिकावा, पाणी गळू नये. साच्यात दाबून भिंत ६-८ मिमी ठेवा. खरी डोकेदुखी वाळवण्याची. बांबूत मुळातच स्टार्च आणि साखर, वर मैदा, त्यात जुलैची दमट हवा. बुरशी धरलीच म्हणून समजा. ड्रायर नसेल तर पावसाळ्यात नादी लागू नका. आणि या कुंड्या फक्त रोपं तयार करून कुंडीसकट लावायला. बाल्कनीत वर्षभर टिकणार नाहीत. भुसा कुजताना नत्र ओढतो, पानं पिवळी पडली तर शेणखताचं पाणी घाला.